बाराचा पाढा म्हणत पाच किलोमीटर: चाळिशीनंतर नागपुरात धावायला लागल्याचं वर्ष

गेल्या वर्षी धावायचं मनात आलं तेव्हा माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेलं वाचायला मिळावं म्हणून बरंच शोधलं. वय ४३, दिवसभर टेबलावरचं काम, गाव नागपूर. जे हाती लागलं ते एकतर मॅरेथॉन पळणाऱ्यांचं होतं, नाहीतर मुंबई-पुण्याच्या हवेतलं. आपल्याकडच्या मे महिन्याचं काय करायचं, सिमेंटच्या रस्त्यांचं काय, पहाटेच्या कुत्र्यांचं काय, मुलाचा डबा कोण भरणार, हे कुणीच सांगत नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे, घर बजाजनगरात. घरी नवरा, सासूबाई आणि अकरावीतला मुलगा.

सुरुवात बुटांपासून नाही, रक्ताच्या तपासणीपासून झाली. माझ्या बाबांची बायपास त्यांच्या पन्नाशीत झाली होती. शिवाय माझं वजन दोन वर्षांत सात-आठ किलोंनी वाढलं होतं आणि कार्यालयाचा तिसरा मजला चढताना मध्ये थांबावं लागत होतं. आमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना वैद्यकीय तपासणीच्या खर्चाचा परतावा मिळतो. तो घ्यायचा असेल तर आधी कार्यालयप्रमुखांना अर्ज करून मंजुरी घ्या, मग तपासणी करा. माझ्या अर्जावर सही व्हायला आठ-दहा दिवस लागले. १२ ऑगस्ट २०२४ ला सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेत गेले.

आकडे जसेच्या तसे देते, कारण मला असे आकडे कुठेच वाचायला मिळाले नव्हते. वजन ७६.४ किलो. उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बीएमआय ३१.४. भारतीयांसाठी २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर ९६ सेंटिमीटर, बायकांसाठी ती ८० च्या आत हवी. रक्तदाब १३८/८८. उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ हा तो उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. आणि हिमोग्लोबिन १०.४.

डॉक्टर मॅडम आमच्या जुन्या ओळखीच्या आहेत. त्यांनी साखरेआधी हिमोग्लोबिनवर बोट ठेवलं. लोह कमी असलं तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं, म्हणून त्यांनी जेवणानंतरची साखरही करून घेतली. ती १५८ आली. म्हणजे उंबरठा खराच होता. पण त्या म्हणाल्या, "धावायचं नक्की, पण आधी रक्त वाढवू. हिमोग्लोबिन दहावर असताना धावशील तर दम लागेल आणि तुला वाटेल की आपल्याला जमतच नाही. मग तू सोडून देशील." बाबांच्या आजारपणामुळे ईसीजी आणि ट्रेडमिलवरची ताणचाचणीही करायला लावली. ताणचाचणीसाठी चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. त्या चार रात्री मला धड झोप लागली नाही. अहवाल व्यवस्थित आला तेव्हा दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून मी आधी आईला फोन केला.

खर्च असा आला: मॅडमची फी ५००, रक्ताच्या सगळ्या तपासण्या मिळून २,४००, ईसीजी ३००, ताणचाचणी १,८००. बिलं मूळ प्रतीत आणि शिक्क्यासह लागतात. एका पावतीवर शिक्का नव्हता, तेवढ्यासाठी माझं देयक परत आलं आणि पैसे जमा व्हायला जानेवारी उजाडला. पावती हातात पडली की तिथेच शिक्का बघून घ्या.

सप्टेंबर पूर्ण चालण्यात गेला. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. आमच्या घरी सकाळचा चहा म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसायची वेळ, ती माझ्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाने पुढे गेली. पोळा, गणपती, महालक्ष्म्या सगळं त्याच महिन्यात आलं. पाहुणे होते, पुरणपोळी होती, तरी संध्याकाळी अर्धा तास चालणं सोडलं नाही. महिनाअखेर हिमोग्लोबिन ११.५ झालं आणि मॅडमनी होकार दिला.

बूट घ्यायला सीताबर्डीला संध्याकाळी गेलो. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून बूट संध्याकाळीच घालून बघावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. दुकानात चार पावलं पळून बघा, कुणी काही म्हणत नाही. माझे ३,८०० रुपयांचे होते. बायकांसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते: धावण्यासाठीची घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच गरजेची आहे. मी ९०० रुपयांना एक अशा दोन घेतल्या. वर सुती कुर्ता नको. तो घामाने भिजून जड होतो आणि काखेत घासून सोलतं. लवकर वाळणारा लांब बाह्यांचा टी-शर्ट ४५० रुपयांत मिळाला.

७ ऑक्टोबर, सोमवार, पहाटे पावणेसहा. 'काउच टू फाइव्ह के' ही पद्धत प्रसिद्ध आहे, १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने बसून राहणाऱ्यांसाठी तयार केलेली. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. दर आठवड्याला धावणं वाढत जातं आणि नवव्या आठवड्यात सलग तीस मिनिटं होतात. कागदावर साठ सेकंद काहीच वाटत नाहीत. तिसऱ्या फेरीला माझ्या बरगडीत कळ आली आणि कानांत ठोके ऐकू यायला लागले.

त्याच आठवड्यात दसरा होता. दीक्षाभूमी आमच्याकडून जवळ. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गावोगावची माणसं पहाटेपासून पायी येत होती, पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बाया, खांद्यावर लेकरं घेतलेले बाप, वाटेत पाणी आणि जेवण वाटणाऱ्यांचे मंडप. वाहतूक वळवलेली असते, म्हणून मी अंबाझरी तलावाच्या दिशेला वळले आणि पुढे तोच माझा रस्ता झाला.

तिथेच मला एक काका भेटले. शाळेत पी. टी. शिकवून निवृत्त झालेले, रोज तलावाकडे चालायला येणारे. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी कमरेवर हात ठेवून उभी होते, तर जवळ येऊन म्हणाले, "काहून येवढ्या धापा टाकून राहिल्या, ताई? धावता धावता बोलता आलं पाहिजे. बोलणं होत नसंल तर लय जोरात पळून राहिल्या तुम्ही." मी म्हटलं, काका, याहून हळू म्हणजे चालणंच की. ते म्हणाले, "मंग तसंच. चालल्यासारखं धावा. कोन पाह्यते?" आणि त्यांनी उपाय सांगितला: बाराचा पाढा म्हणायचा, मोठ्याने. बारा पंचे साठपर्यंत एका दमात जाता आलं तर वेग बरोबर. मध्येच श्वास तुटला तर वेग कमी करा.

वर्षभरात मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. मी इतकी हळू धावायला लागले की भरभर चालणारे दोन आजोबा माझ्या पुढे जायचे. पण बरगडीतली कळ थांबली, दुसऱ्या दिवशी अंग दुखेना, आणि मुख्य म्हणजे पहाटे उठताना पोटात गोळा येईना. आपल्याला धावता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांतल्या पुष्कळ जणांना फक्त वेग झेपत नसतो, असं माझं ठाम मत झालंय. शाळेत धावणं म्हणजे शर्यतच असायची. हळूही धावता येतं हे आम्हा मुलींना कुणी सांगितलंच नाही.

घरचं गणित सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं वाऱ्यावरचं वाटेल. पावणेसहा ते साडेसहा मी घराबाहेर, म्हणजे दूध, गॅसवरचं पाणी, मुलाचा डबा हे कुणीतरी बघायला हवं. पहिल्याच रविवारी आम्ही चौघं बसलो आणि वाटण्या केल्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार डबा नवऱ्याकडे. भाजी आदल्या रात्री मी चिरून ठेवते, पोळ्या आल्यावर करते. सासूबाईंना आधी काळजी होती ती अंधाराची. "उजाडल्यावर जात जा ना, बाई," असं त्या रोज म्हणायच्या. मग मी फोनवरून माझं ठिकाण त्यांना दिसेल अशी सोय करून दिली. महिनाभर त्या खरंच तो नकाशा उघडून बसायच्या. मला त्याचा फार आधार वाटायचा.

अंधाराबद्दल माझा नियम एकच: जिथे चालणाऱ्यांची वर्दळ आहे तिथेच. कान मोकळे, गाणी नाहीत. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, त्याच्या डोळ्यांत बघू नका, सावकाश चालत बाजूला व्हा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, जखम केवढीही असो.

नोव्हेंबरात दिवाळी आटोपली आणि नडगी दुखायला लागली. आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं वर, सुरुवातीला धावताना आणि मग जिना उतरतानाही. आपल्याकडे आता गल्लीबोळांतही सिमेंटचे रस्ते आहेत आणि नवख्या पायांना तो टणकपणा सोसत नाही. हाडांच्या डॉक्टरांची वेळ तीन दिवसांनी मिळाली, फी ७००. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. दुखणं लांबट पट्ट्यात असेल तर बहुतेक स्नायू आणि हाडाच्या आवरणावरचा ताण असतो. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं, रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, तेव्हा तपासणी हवीच. माझं पहिल्या प्रकारचं निघालं. दोन आठवडे धावणं बंद, चालणं चालेल, बर्फ आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम.

ते दोन आठवडे मनाला जड गेले. जेमतेम लागलेली सवय हातून निसटते की काय अशी धास्ती होती. म्हणून मी त्याच वेळेला उठत राहिले आणि त्याच वाटेवर चालत राहिले. परत सुरू केलं ते मातीच्या मैदानावर, एक आठवडा मागे जाऊन. टाचांचा व्यायाम आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस मी अजूनही मंगळवार-शनिवार करते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामासोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. या दुसऱ्या भागाकडे आपण बायका हमखास दुर्लक्ष करतो.

डिसेंबरात नागपूरची थंडी सुरू झाली आणि धावणं एकदम सोपं वाटायला लागलं. रविवारी बदल म्हणून सिव्हिल लाईन्समध्ये लेडीज क्लब चौकाकडून जपानी गार्डनकडे जायचो. झाडांची सावली, गाड्या कमी, भरपूर बायका. फक्त १६ तारखेपासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं आणि मुख्यमंत्री-मंत्र्यांची रामगिरी, रविभवन ही निवासस्थानं त्याच भागात, त्यामुळे तो आठवडा बंदोबस्तात गेला. दरवर्षी डिसेंबरात हे लक्षात ठेवून दुसरा रस्ता हाताशी ठेवावा. थंडीत कानावर रुमाल आणि आधी पाच मिनिटं जास्त चालणं एवढं पुरतं. मफलर-स्वेटर घालून निघाले तर दहाव्या मिनिटाला ते कमरेला बांधावं लागतं.

सलग तीस मिनिटं मी जानेवारीच्या मध्यावर धावले, संक्रांतीच्या आसपास. कागदावरच्या नऊ आठवड्यांपेक्षा बरेच जास्त लागले. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटं सलग धावायचं असतं, ते मला फार वाटलं, म्हणून मध्ये बारा आणि पंधरा मिनिटांचे टप्पे घातले. पाळीच्या पहिल्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवसापासून जसं वाटेल तसं. माझ्या मते यात ओढाताण करू नये.

मग वजन. जानेवारीत ते ७२.१ होतं. चार-सव्वाचार किलो, एवढंच. मैत्रिणी म्हणाल्या, एवढं धावून? तेव्हा मी हिशेब मांडला. लेखा शाखेत असल्याने तो केल्याशिवाय चैन पडत नाही. धावताना एका किलोमीटरला साधारण आपल्या वजनाएवढ्या कॅलरी लागतात. ७५ किलोच्या बाईला सुमारे ७५. एक किलो चरबीत सुमारे ७,७००. म्हणजे नुसत्या धावण्यावर एक किलो उतरवायचा तर शंभर किलोमीटर हवेत, आणि मी आठवड्याला दहाही करत नव्हते. वजन मुख्यतः ताटातून उतरतं. धावण्याने मिळतं ते दम, रक्तदाब, साखर, झोप आणि मनाचा हलकेपणा. हे आधीच माहीत असलं की काट्यावर उभं राहून रडायची वेळ येत नाही.

ताटात मी फार मोडतोड केली नाही. चहा दोनच वेळा, साखर अर्धा चमचा. रात्री भात बंद नाही, पण आधी वाटीभर वरण आणि काकडी-टमाटर, मग भात. कार्यालयात चारला येणारा कचोरीचा पुडा माझ्यापुरता बंद, त्याजागी फुटाणे. रविवारचे तर्री-पोहे मात्र ठेवलेत, एक प्लेट, वर तर्री बेताची, बेसनवडी नको. सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, हिवाळ्यात घरी दोनदा झाली आणि मी पोटभर खाल्ली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पाच किलोमीटरच्या स्थानिक शर्यतीत उतरले. नोंदणी ऑनलाइन, ६०० रुपये. त्यात रक्तगट, आणीबाणीत कळवायचा नंबर आणि आपल्या जबाबदारीवर धावत असल्याचं संमतिपत्र भरावं लागतं. आदल्या दिवशी आधार कार्ड दाखवून छातीवर लावायचा क्रमांक घ्यायचा. त्याला मागून वेळ मोजणारी चिप असते, ती दुमडू नका. रांगेत सव्वा तास गेला. पाण्याची बाटली आणि सेफ्टी पिना सोबत न्या. सुरुवातीला सगळे एकदम सुसाट सुटतात आणि पाय आपोआप त्यांच्यामागे ओढले जातात. मी पाढा सुरू केला. शेजारच्या एका मुलीने विचारलं, "काकू, काय म्हणताय?" मी सांगितलं, आणि मग शेवटच्या किलोमीटरपर्यंत आम्ही दोघी मिळून तेरा, चौदा, पंधरा असे पाढे म्हणत गेलो. ४६ मिनिटं लागली. शेवटी नवरा आणि मुलगा उभे होते. मला खूप रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

मार्चपासून पुढचं लिहायला थोडकं आहे, पण महत्त्वाचं. आपल्या उन्हाळ्यात वाढवायचं काही नाही, टिकवायचं. एप्रिल-मेमध्ये पाचला बाहेर, साडेपाचपर्यंत घरात. वीस मिनिटं, तीही चालत-धावत. रात्रीसुद्धा हवा तापलेली असते, कूलरमध्ये झोपूनही अंग सुकतं, म्हणून उठल्यावर आधी दोन भांडी पाणी. परतल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक. जास्त घाम गेला तर ओआरएस, एक मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यात, कमी-जास्त नाही. चक्कर, मळमळ, अंगावर काटा येणं किंवा घाम अचानक थांबणं यांतलं काहीही झालं की त्याच क्षणी सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या, कुणाला तरी हाक मारा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत मी धावलेच नाही, घरातच उठबस आणि जिना केला. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी मार्च ते जून हे महिने चालण्यासाठी ठेवावेत आणि धावणं ऑक्टोबरात सुरू करावं. म्हणजे थंडीचे चार महिने हाती लागतात.

पावसाळ्यात तलावाकडचा रस्ता शेवाळाने निसरडा होतो. २०२३ च्या सप्टेंबरातला अंबाझरीचा पूर इथल्या लोकांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. जोराचा पाऊस असेल तर मी त्या बाजूला जातच नाही. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवते, उन्हात नाही.

जुलै २०२५ मध्ये पुन्हा तीच प्रयोगशाळा, तेच उपाशीपोटी. वजन ६८.९, कंबर ८७, रक्तदाब १२४/८०, उपाशीपोटी साखर ९७, एचबीएवनसी ५.६, हिमोग्लोबिन १२.६. बीएमआय अजून २८ च्या वर आहे आणि कंबरही ८० च्या आत आलेली नाही, म्हणजे काम बाकी आहे. मॅडमनी अहवाल दोनदा वाचला, लोहाची गोळी बंद केली आणि पुढची तपासणी जानेवारीत सांगितली. या खेपेला प्रत्येक पावतीवर शिक्का बघून घेतला.

सध्या तीन दिवस चार-चार किलोमीटर चालू आहेत. बुटांचे तळवे बाहेरच्या बाजूने झिजलेत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलायचे असतात आणि माझे त्या हिशेबात बसतात, तेव्हा दिवाळीच्या खरेदीत पहिले बूट.